आत माणसं : शून्य

"हे कोणी घातलं?"

साहेबांचं बोट पडद्यावरच्या माझ्या ओळीवर होतं. नखाने काच वाजवत होते. टक टक. मुंबईच्या हेड ऑफिसातून आलेले तिघे पाहुणे मागे बसलेले. दोन पुरुष, एक बाई. हातात थंड पेयाच्या बाटल्या. एसीचा वारा नेमका माझ्या मानेवर.

"मी, सर."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाय, सर."

तोंडातून गेलं. मी घाबरले की तोंडातून घरचंच येतं.

पाहुण्यांतली बाई हसली. फार नाही, नाकातल्या नाकात. तेवढं साहेबांना पुरलं. त्यांनी माझी खुर्ची पाठीकडून धरली आणि गर्रकन पाहुण्यांकडे फिरवली. चाकांची खुर्ची. मी तिच्यात बसलेली.

"कोनी नाय! ऐकलंत? ही आमच्या सिस्टिमचे मेसेज लिहिते." मग मला म्हणाले, "म्हण, कोणी नाही. ण. बाणातला ण."

मी म्हटलं.

"नाही जमलं. जीभ वर टेकव. पुन्हा."

पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. एका पाहुण्याने टाळी वाजवली. शाळेतल्या पोराला वाजवतात तशी.

"आता ती ओळ काढ," साहेब म्हणाले. "तुझ्या हाताने काढ. आम्ही बघतोय."

मी खुर्ची परत फिरवली. ओळीवर माउस नेला. दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायची का? मी हो म्हटलं.

त्या ओळीत माणसं होती. जिवंत, चालतीबोलती. त्यांतला एक माझा बाप होता. तरी मी दाबलं. हे आधीच सांगून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की हिने स्वतःचं तेवढं झाकलं.

मी पेणच्या खाडीकाठची. आमचं गाव मिठागरांचं. बाबांचं सगळं आयुष्य मिठाच्या पाण्यात उभं राहून गेलं. त्यांच्या पायांना भेगा होत्या, त्यांत मीठ बसायचं, आणि तरी ते रोज सकाळी त्याच पाण्यात उतरायचे. एका उधाणात मिठागराचा बांध फुटला. मालकाने तो पुन्हा बांधला नाही. चिखल झाला, मग झुडपं वाढली. आय हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जायची. मूर्तींना पहिला पांढरा हात मारायची. डोळे आखायला कधी कोणी दिले नाहीत तिला. ती कामं वेगळ्या माणसांची.

मी बीएस्सी झाले. पेणला एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता, तो केला. पहिली आले. क्लासच्या सरांनीच धाटावच्या एका केमिकल कंपनीचा पत्ता दिला. नव्वदचं दशक संपत आलेलं. कंपन्यांना कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची घाई झाली होती. मला घेतलं. रोह्यात एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेतली. गावात मला पहिल्यांदा लोक "म्याडम" म्हणाले. आयने देवापुढे साखर ठेवली.

कामही सांगते, कारण पुढचं सगळं त्या कामातच आहे.

कंपनीत पाच सेक्शन. प्रत्येक सेक्शनला एक कॉम्प्युटर, एक ऑफिसात, एक गेटवर. हे एकमेकांशी बोलणार. पण यंत्र आपल्या मनाने बोलत नाही. कोणी कोणाला काय कळवायचं, हे आधी ठरवून द्यावं लागतं. एकदा ठरलं की तेवढंच कळवतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्या ठरवून दिलेल्या निरोपाला आम्ही मेसेज म्हणायचो. पूर्वी हे सगळं हाताने लिहावं लागे, अगम्य चिन्हांत. आमच्याकडे नवीन एडिटर आला होता, चित्रांचा. मेसेज म्हणजे पडद्यावर एक चौकट. चौकटीला नाव द्यायचं. आत एकेक ओळ घालायची: टाकीचा नंबर, तापमान, वेळ. प्रत्येक ओळीपुढे सांगायचं, इथे आकडा येणार की अक्षरं. मग चौकटीपासून बाण ओढायचा, ज्याला कळवायचं त्याच्यापर्यंत.

मला ते काम फार आवडायचं. खरं सांगते. रांगोळीसारखं वाटायचं. चौकटी, बाण, सगळं जिथल्या तिथे. मी महिनाभरात साहेबांपेक्षा भरभर करायला लागले. त्यांना ते दिसत होतं. साहेब पुण्याचे. चांगले शिकलेले, दाढी गुळगुळीत, बोलणं छापील. माझ्या चौकटी ते आपल्या नावाने वर पाठवायचे. मला वाटायचं, असंच असतं.

मग एके सकाळी गेटबाहेर बाबा दिसले.

ठेकेदाराच्या टोळीत उभे. हातात पत्र्याची बादली. टाक्यांच्या तळाचा गाळ काढायला ठेकेदार माणसं आणायचा. आमच्या खाडीवरची, वाडीवरची कातकरी. ती कोलाड रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. बाबांनी मला काही सांगितलं नव्हतं. मी पुढे झाले, तसे तेच चार पावलं बाजूला आले आणि खाली बघत पुटपुटले,

"मला वलकू नको गो. तू हापिसातली हायस."

"बाबा, तुमी इथं..."

"सांगतो ना. जा. लोकं बघतात."

मी गेले. आणि मला हलकं वाटलं. ही गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. बापाने मला सोडवलं होतं आणि मी सुटले होते. चार महिने मी त्या गेटमधून रोज गेले, बाप रोज तिथे उभा असायचा, आणि मी घड्याळ बघत पुढे जायची. साहेबांनी माझी खुर्ची फिरवली तो अपमान झाला. हा जो मी केला, त्याला काय म्हणायचं?

टोळीत सोमी होती. कातकरी, माझ्याच वयाची. सकाळी ऑफिसातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीची फरशी पुसायला तिला आत पाठवायचे, मग टाकीवर. बाकीचे तिला बघायचेही नाहीत. ती मात्र सगळं बघायची. एक दिवस फडकं हातात धरून माझ्या पाठीमागे उभी राहिली.

"ताय, ही कसली खोकी?"

मी तेव्हा गेटचा मेसेज करत होते. सगळ्यांत महत्त्वाचा. सेक्शनमध्ये धोका झाला, सायरनचं बटण दाबलं, की हा निरोप गेटवर जाणार. कुठला सेक्शन, कुठला वायू, आत किती माणसं. सेक्शनच्या दारावर कार्ड घासून लोक आत जात आणि बाहेर येताना पुन्हा घासत. त्यावरून कॉम्प्युटर आकडा काढणार. मी सोमीला सोप्या शब्दांत सांगितलं. आग लागली, वायू सुटला, तर गेटवाल्यांना कळेल आत किती जण अडकलेत.

तिने पडद्याकडे बराच वेळ बघितलं.

"मंग आमी यात कुठं?"

मी म्हणणार होते, हे काय, ही ओळ. पण ती ओळ कार्डांची होती. टोळीकडे कार्डं नव्हती. मुकादम सकाळी गेटवर त्यांना मोजायचा, शेळ्या मोजतात तसा, आणि आत न्यायचा. नंतर ती कुठल्या सेक्शनमध्ये आहेत हे फक्त मुकादमाला माहीत.

सोमी पुसत पुसत पुढे गेली. तिला उत्तराची सवय नव्हती.

मी मात्र तिथेच अडकले. त्याच दुपारी चौकटीत मी एक ओळ वाढवली. ठेकेदाराची माणसं: आकडा. गेटवरच्या सावंतांना जाऊन विचारलं. सावंत पोयनाडकडचे, सिक्युरिटीचे मुख्य, आणि काही झालं तर मास्क लावून आत शिरणाऱ्या पथकाचेही तेच मुख्य. म्हटलं, मुकादमाने टोळी कुठल्या सेक्शनला नेली, तेवढं विचारून आकडा टाकाल का?

"व्हय, टाकीन की," ते म्हणाले. "बरं केलंस. मला पन धाकधूक असते."

तीच ओळ मी पाहुण्यांसमोर काढली.

काढून झाल्यावर साहेब पाहुण्यांशी इंग्रजीत बोलले. मला कळणार नाही अशा समजुतीने, अगदी माझ्या डोक्यावरून. म्हणाले, मुलगी भाबडी आहे. तो आकडा एकदा मेसेजमध्ये गेला की कागदावर येतो. कागदावर आला की ती माणसं आपली होतात. पाहुणे म्हणाले, बरोबर आहे. त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं.

मला सगळं कळलं. मी पुढची चौकट उघडली.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. सगळं वरून ठीक. सिस्टिम सुरू झाली. फीत कापली, पेढे वाटले. पण तीन नंबरच्या सेक्शनजवळून गेलं की घशाला खवखव व्हायची. तिथल्या नारळाच्या झावळ्या एका बाजूने पिवळ्या पडल्या. कायम कामगार आपसांत बोलायचे, तीन नंबरच्या लाइनचा व्हॉल्व्ह धरत नाही. त्यांनी लिहूनही दिलं होतं. रोज सकाळी मी गेटचा मेसेज तपासायची. चौकट नीट. बाण नीट. कुठेही लाल खूण नाही. यंत्राच्या मते त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. त्या नीट चौकटीचीच मला भीती वाटायला लागली. जेवताना घास हातात राहायचा. एकदा ठरवलं, गुपचूप ओळ परत घालू. पासवर्ड बदललेला होता.

उन्हाळा होता. दुपारचे अडीच-तीन. सायरन वाजला.

आम्हाला सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला, गेटपाशी जायचं शिकवलं होतं. मी पळतच गेले. तीन नंबरचे कामगार ओल्या रुमालाने तोंड दाबून येत होते, खोकत होते. दारावर त्यांनी कार्डं घासली होती, शिकवल्याप्रमाणे. गेटच्या केबिनमध्ये पडद्यावर माझा मेसेज आला होता. माझ्या चौकटीत, माझ्या ओळींत.

सेक्शन तीन. वायूचं नाव. आत माणसं : शून्य.

सावंत आणि त्यांचे चौघे मास्क हातात घेऊन उभे होते. हातात. तोंडावर नाही. कोणीतरी म्हणालं, सगळे आले, देवाची कृपा. साहेब तिथेच होते. फोनवर हेड ऑफिसला सांगत होते, आत कोणी नाही, काळजी नको. मुकादम कुठेच दिसत नव्हता.

त्या सकाळी खिडकीतून मी टोळीला तीन नंबरमध्ये शिरताना बघितलं होतं. पाच जण. बाबा सगळ्यांत मागे. बादली या हातातून त्या हातात घेताना.

"सावंतकाका, आत मानसं हायत."

"कुठं?"

"तीन नंबरात. टाकीत. पाच."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "इथं तर शून्य दाखवतंय."

"तो शून्य खोटा हाय. तो मीच लिवलाय."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "तू मागे हो. पॅनिक करू नकोस."

"माझा बापूस हाय आत!"

हे मी ओरडले. चार महिन्यांत पहिल्यांदा. सगळ्यांसमोर.

सावंत साहेबांकडे बघायला थांबले नाहीत. मास्क लावतच धावले.

पाचांना बाहेर आणलं. एकेकाला. ताडपत्रीवर झोपवलं, पाणी मारलं. बाबा तिसरे. तोंडाला फेस, डोळे उघडे, पण श्वास होता. सोमी शेवटची. ती टाकीच्या आत सर्वांत खाली होती, ती अंगाने बारीक म्हणून तिलाच खाली उतरवायचे. तिचा हात धरून मी बसले होते. हाताला फरशीच्या फिनाइलचा वास होता. डॉक्टर आले तेव्हा तो हात गार पडला होता.

सावंत नंतर हॉस्पिटलात मला म्हणाले, पाच-सात मिनटं आधी कळतं तर. त्यांना कोणाला दुखवायचं नव्हतं. पण त्या पाच-सात मिनिटांचं मी काय करू? आणि दुसरं. टोळीत त्या दिवशी बाबा नसते, फक्त सोमी असती, तर मी अशीच ओरडले असते का? मी स्वतःला हे विचारलं. उत्तर आलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते. कदाचित नाही. साहेबांनी मला जे शिकवलं होतं ते ण नव्हतं. कोणाला मोजायचं नाही, ते शिकवलं होतं. आणि मी हुशार विद्यार्थिनी होते.

आठवड्याने चौकशीला सरकारी अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दाखवली. पहिल्यांदाच अहो म्हणाले.

"बसा ना. बाबा कसे आहेत?"

"श्वास लागतो."

"कंपनी सगळं बघेल. मुंबईला चांगल्या डॉक्टरांकडे पाठवू. आणि तुमचंही, पर्मनंटचं पत्र मी तयार ठेवलंय." त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. इंग्रजीत टाइप केलेला. "वाचायची गरज नाही. फॉर्मॅलिटी आहे."

मी वाचला. सावकाश, शब्दन् शब्द. त्यात म्हटलं होतं, मेसेज तयार करताना ऑपरेटरच्या नजरचुकीने एक ओळ घालायची राहून गेली.

"राहून गेली नव्हती, सर. घातली होती. तुम्ही काढायला लावली."

"त्याला पुरावा काय?"

पुरावा होता. प्रत्येक चौकटीचा छापील कागद मी एक जास्तीचा काढून खोलीवर नेत असे. रात्री त्यातले इंग्रजी शब्द पाठ करायला. त्या कागदावर ओळ होती, तारीख होती, वेळ होती. ऑफिसातल्या फायलीतला कागद एव्हाना नाहीसा झालेला. माझा नव्हता झाला. हे मी साहेबांना सांगितलं नाही. म्हटलं,

"सही करणार नाही."

"बापाचा विचार कर," साहेब म्हणाले. अहो गेलं होतं.

हॉस्पिटलात गेले. बाबांना सगळं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांचंही. ते खाटेवर टेकून बसले होते. दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं.

"सोमीचा नवरा... काल आलेला," ते म्हणाले. "जान्या. इथं बसला व्हता. कायच बोलला नाय." श्वास घेऊन म्हणाले, "सही नको करू गो."

दुसऱ्या दिवशी चौकशीत मी कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. ओळ कोणी घातली, कोणी काढायला लावली, कोणी काढली. तिसरं नाव पुन्हा माझंच होतं, तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. संध्याकाळी गेटवर माझं कार्ड काढून घेतलं.

अहवालाचं काय झालं, मला कोणी कळवलं नाही. दोनदा अर्ज केला. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. धाटावच्या दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेले तर माझं नाव वाचून त्यांनी फाइल मिटली. बाबांना मुंबईला आम्हीच नेलं. ते आता घरातल्या घरात चालतात. ओटीपर्यंत आले की बसतात.

दोन महिन्यांनी ठेकेदाराने नवी टोळी आणली. तीच टाकी, तेच काम. तीन नंबर धुऊन पुन्हा सुरू व्हायचा होता. जान्या त्या टोळीत होता. दुसरं काम नव्हतं त्याला. गावात कळलं तशी मी सकाळी पहिल्या एसटीने धाटावला गेले आणि गेटबाहेर टोळीसमोर उभी राहिले. गेटचा निरोप कसा जातो ते जमिनीवर काडीने काढून दाखवलं. चौकट, ओळी, बाण. कुठे तुम्ही नाही आहात, ते दाखवलं. भाषण केलं नाही. मला येत नाही.

जान्या बघत होता. सगळं बघून झाल्यावर त्याने बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला. मग दुसरा बसला. मग दोघी बायका. मुकादम शिव्या देत फिरला. टोळी उठली नाही. म्हणाले, आधी आमची कार्डं करा, मग आत येतो.

नऊच्या सुमारास नवे साहेब गाडीतून उतरले. हे नागपूरकडचे, तरुण, आवाज न चढवणारे. सावंतांनी त्यांना मी कोण ते सांगितलं असावं. माझ्यापाशी आले. समजावणीच्या सुरात म्हणाले,

"बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण ह्याने काय होणार? ठेकेदार उद्या माणगावहून दुसरी माणसं आणेल."

"येऊ द्या," मी म्हटलं. "त्यांनाबी इथंच बसवते."